उत्तरेतले अभ्यंगस्नान

दिवसभर स्कीवर हिंडून आल्यावर पायांतले बूट काढण्यात जे सुख आहे, ते मला चाळिशी उलटून जाईपर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. आमच्या तालुक्याच्या गावी एप्रिल महिन्यात माणूस पायांत काही घालतो ते जमीन भाजते म्हणून, आणि घरात शिरताना काढतो ते आई ओरडेल म्हणून. त्यात सुखदुःखाचा प्रश्न येत नाही.

पण त्या दिवशी मी फिनलंडच्या पार वरच्या अंगाला, सारिसेल्का नावाच्या गावाजवळ, एका लाकडी घराच्या ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडीत होतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. उत्तर ध्रुववृत्त दक्षिणेकडे दोनशे किलोमीटर मागे पडले होते. समोर मांडीइतका बर्फ, वर निळेभोर आकाश, आणि पाठीमागच्या ओंडक्यांच्या भिंतीला दिवसभर ऊन लागलेले; टेकून बसले की स्वेटरमधूनही पाठ शेकून निघे. नाडीची गाठ भिजून आवळली होती. बोटे चालेनात. शेवटी धाकटा भाऊ ‘थांब दादा’ म्हणून खाली बसला आणि त्याने ती सोडवली. तो शाळेत पहिल्यांदा गेला त्या दिवशी त्याच्या बुटाची नाडी मी बांधली होती, हे मला त्याच क्षणी आठवावे, ह्याला काय म्हणावे! मी बोललो मात्र नाही. आम्ही भाऊ भाऊ गेली काही वर्षे बोलत होतो ते हवापाण्याचे आणि पोराबाळांचे. बाकीचे राहून गेले होते. का, ते पुढे येईलच.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. वडील लवकर गेले, घरात कमावते कोणी हवे होते, म्हणून गावातल्या एका शाळेत चिकटलो तो आजतागायत तेथेच आहे. मुलांचे शुद्धलेखन तपासता तपासता चार कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचकांपेक्षा वाळवीला अधिक रुचल्या. भाऊ मात्र शिकला, इंजिनियर झाला, फिनलंडमधल्या ओउलू शहरी नोकरीला लागला आणि तेथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला. वडिलांच्या माघारी घरातला मोठा मीच, तेव्हा तिचे वडील नात्याने माझे व्याही. त्यांना माझी पुतणी ‘उक्की’ म्हणते. उक्की म्हणजे आजोबा. नाव जिभेला सोपे, म्हणून मीही त्यांना उक्कीच म्हणू लागलो. ऐंशीला टेकलेला हा उंच, हाडाडा माणूस दिवसाला फार तर चाळीस शब्द बोलतो आणि त्यांतले निम्मे कॉफीविषयी असतात.

ह्या मंडळींनी मला ओउलूहून जवळजवळ पाचशे किलोमीटर मोटारीने वर नेले ते ‘वसंतातला बर्फ दाखवायला’. हे शब्द ऐकून मी आधी हसलोच. आपला वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर आणि कोकिळा. पण तेथे गेल्यावर कळले की, त्या लोकांचा वसंत म्हणजे प्रथम उजेड. डिसेंबरात तेथे महिनाभर सूर्य क्षितिजावर येत नाही. एप्रिल सरताना तो रात्री साडेनऊच्या पुढेही जायला तयार नसतो. ह्या उजेडासाठी माणसे वर्षभर थांबलेली असतात. बर्फ अजून भरपूर आहे आणि त्यावर ऊन पडले आहे, असे हे थोडेच आठवडे. त्यांत शहाणा माणूस घरात बसत नाही.

शिवाय ह्या बर्फाची एक गंमत आहे. दुपारी तो उन्हाने वरवर वितळतो आणि रात्रीच्या थंडीने पुन्हा गोठतो. असे आठ-दहा दिवस झाले की त्यावर दुधावरच्या सायीसारखा थर धरतो, पण साय कसली, फरशीच ती! सकाळी त्यावरून माणूस वाटेल तिकडे चालत जाऊ शकतो. झुडुपे, ओढे, तळी, सारे खाली गाडलेले. भार पेलणाऱ्या ह्या थराला त्यांच्या भाषेत ‘हांकिकांतो’ असा स्वतंत्र शब्द आहे. पण दुपार कलली की ह्याच फरशीत पाय मांडीपर्यंत जातो. म्हणून निघायचे ते सकाळी आणि परतायचे ते थर मऊ पडण्याच्या आत, हा तेथला पंचांग-मुहूर्त.

माझ्यासारख्या नवशिक्याला अर्थात आखीव वाटच बरी. यंत्राने बर्फात दोन समांतर चाकोऱ्या पाडून ठेवलेल्या असतात, त्यांत दोन स्की ठेवायच्या, हातांतल्या काठ्यांनी रेटा द्यायचा आणि सरकायचे. सपाटीवर हे जमते. चढावर पाय मागे येतात, उतारावर ते पुढे जातात, आणि बाकीचा देह आपल्या मताने वागतो. मी किती वेळा पडलो हे पुतणी मोजत होती. तिला मराठीतले आकडे वीसपर्यंत येतात. ते अपुरे पडले. उक्की मात्र पुढे, एका लयीत, जणू कोणी दोरीने ओढीत आहे असे चालले होते. मी पडल्याचा आवाज आला की थांबायचे, मागे न पाहता उभे राहायचे, आणि मी उठल्याचा आवाज आला की पुन्हा निघायचे. पडलेल्या माणसाकडे न पाहण्याची ही रीत मला फार आवडली. आमच्याकडे चार माणसे उचलायला येतात आणि चाळीस पाहायला.

त्या मुलखातले डोंगर उंच नाहीत. कीलोपॅ म्हणून जवळच एक प्रसिद्ध डोंगर आहे, तो ५४६ मीटर. आमच्या सिंहगडाच्या निम्मादेखील नाही. पण माथे उघडेबोडके, झाडे खालीच थांबलेली, आणि वर उभे राहिले की एकामागून एक पांढऱ्या, गोल पाठी क्षितिजापर्यंत निजलेल्या दिसतात. हा सारा उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानाचा प्रदेश. अडीच हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. वाटेत एका झोपडीत आम्ही भाकरी खाल्ली. (भाकरीच म्हणतो. जवाच्या पिठाची ‘रिएस्का’ हातावर घेतली की आपल्या भाकरीची बहीण वाटते.) झोपडीत चूल आणि फोडून ठेवलेली लाकडे होती, जो येईल त्याने जाळ करावा आणि जाताना पुढच्यासाठी लाकडे आत आणून ठेवावी. ह्या अरण्यात रात्रीच्या मुक्कामाच्या अशाच उघड्या झोपड्या आहेत. त्यांचा एक जुना दंडक भावाने मला सांगितला. झोपडी भरली, तर सर्वांत शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. आधी आलेले विसावलेले असतात. त्यांनी सरकून जागा करून द्यायची. हे मी एस. टी.च्या प्रवाशांना सांगून पाहणार आहे.

तर असा तो दिवस. संध्याकाळी ओसरीवर बसलो तेव्हा अंगातला एकही स्नायू असा नव्हता की ज्याने आपले नाव सांगितले नाही. ऊन वरून लागते तसे बर्फावरून उलटून खालूनही लागते, हे कोणी सांगितले नव्हते. माझी हनुवटी आणि नाकाचा खालचा भाग भाजून निघाला होता. घरामागे उक्की लाकडे फोडीत होते. धुराचा वास आला. ‘सौना तापतोय,’ भाऊ म्हणाला.

सौना म्हणजे काय ते आता आपल्याकडेही शहरांतून ठाऊक झाले आहे. पण हॉटेलातल्या विजेच्या पेटीवरून त्याची पारख करू नये. छप्पन लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या वर सौना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने ह्या प्रथेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली, पण उक्कींना त्याचे विशेष वाटलेले दिसले नाही. त्यांच्या लेखी तो वारसा नव्हे, शनिवार आहे.

बायकांची पाळी आधी. भावजय आणि पुतणी लालबुंद होऊन, हसत बाहेर आल्या. मग आमची तिघांची पाळी. येथे एक अडचण उभी राहिली. तेथे आत जाताना अंगावर काही ठेवीत नाहीत. मी शिक्षक आहे. मी कमरेला पंचा घट्ट गुंडाळून दारात उभा राहिलो. उक्कींनी माझ्याकडे पाहिले आणि भावाला काहीतरी विचारले. भाऊ म्हणाला, ‘ते विचारताहेत, दादांना थंडी वाजतेय का?’

बसायला बाकावर ज्याचे त्याने फडके अंथरायचे असते. माझ्याजवळ दुसरे फडके नव्हते. तेव्हा पंचा गुंडाळण्याच्या कामावरून अंथरण्याच्या कामावर गेला, आणि प्रश्न मिटला.

आत काळोख, एकाच हातभर खिडकीतून तिरपे, तांबूस ऊन येत होते. कोपऱ्यात लोखंडी चूल, तिच्यावर तापलेल्या दगडांचा ढीग. बाक पायरीपायरीने वर गेलेले. जितके वर बसावे तितकी उष्णता अधिक. ऐंशी-नव्वद अंश ही काही थट्टा नव्हे, पण हवा कोरडी असते म्हणून सोसते. मग उक्कींनी लाकडी डावल्याने दगडांवर पाणी टाकले. चर्र असा लांबट आवाज झाला, क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग एक अदृश्य ऊनऊन लाट छतावरून खाली उतरून खांद्यांवर बसली. कान पोळले, श्वास अडला, आणि दुसऱ्याच क्षणी दिवसभर आवळून धरलेले सारे अंग सैल पडले. मांड्या, पोटऱ्या, खांदे, एकेक करून त्यांनी हातची कामे खाली ठेवली. ह्या वाफेला ते ‘लोइल्यू’ म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. हंगेरियन भाषेत त्याच मुळातून आलेल्या शब्दाचा अर्थ आत्मा असा आहे. आपला ‘प्राण’ तरी दुसरा काय, श्वासच की!

उक्कींनी बादलीतून पानांची एक जुडी काढली आणि स्वतःच्या खांद्यांवर सपासप मारून माझ्या हाती दिली. कोवळ्या डहाळ्यांची ही जुडी उन्हाळ्यात बांधून ठेवतात आणि ऊन पाण्यात भिजवून वापरतात. पश्चिमेकडचे लोक तिला ‘विहता’ म्हणतात, पूर्वेकडचे ‘वास्ता’, आणि दोघेही आपलाच शब्द खरा मानतात. भाषेची भांडणे कोणत्या देशाला चुकली आहेत? झाड कोणते म्हणून विचारले तर भूर्ज! ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाचा हा उत्तरेकडचा भाऊबंद. त्या बर्फाच्या मुलखात, बंद खोलीत, हिरव्या पाल्याचा वास पसरला. आणि तो वास, ती वाफ, तो लाकडाचा धूर ह्यांनी मिळून मला सरळ नरकचतुर्दशीच्या पहाटे नेऊन सोडले.

आमच्या परसात तांब्याचा बंब असे. आई तीनलाच उठून तो पेटवी. थंडीने कुडकुडत आम्ही पाटावर बसलो की ती डोक्यावर तेल थापी, उटणे लावी. पाठ घासण्याचे काम मात्र तिने माझ्याकडे दिलेले होते. धाकट्याची पाठ मी घासायची. तो ओरडे, ‘दादा, हळू!’ आणि मी मुद्दाम जोरात घाशी. मग अंगठ्याखाली कारीट फोडायचे, ओल्या अंगाने फुलबाजी पेटवायची. त्या वाफेत आईचे फक्त हात दिसत. चेहरा दिसत नसे.

मी डोळे मिटून बसलो होतो. उक्की एकाएकी बोलू लागले. सौन्यात माणसे थोडी अधिक बोलतात, असे मला भावजयीने सांगितले होतेच. भाऊ हळूहळू मराठीत सांगत गेला. १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने लॅपलंडमधली गावे जाळीत नेली. रोवानिएमी शहर तर जवळजवळ सारे गेले. परत आलेल्या माणसांना घरे नव्हती. उक्कींच्या वडिलांनी आधी सौना बांधला. घर पुढे केव्हातरी. दोन वर्षे सारे कुटुंब त्या एका खोलीत राहिले आणि उक्की तेथेच जन्मले. पूर्वी बाळंतपणे सौन्यातच होत. त्याहून स्वच्छ, ऊबदार जागा घरात नसे. आणि घरात कोणी गेले की त्याला अखेरचे स्नानही...

येथे भाऊ थांबला. उक्की बोलतच होते. भाऊ काही सांगेना. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, त्याने विचारले,

‘दादा, आईला शेवटची आंघोळ घातलीत, तेव्हा पाणी ऊन होतं ना रे?’

आई गेली ती २०२१ च्या एप्रिलमध्ये, त्या साथीत. विमानांची शाश्वती नव्हती, भावाला येता आले नाही. मी त्याला फोनवर सांगितले होते, ‘काळजी करू नकोस. सगळं नीट झालं. आंघोळ घातली, तिची हिरवी साडी नेसवली.’ त्यातले काही खरे नव्हते. इस्पितळातून तिला आमच्या हाती दिलेच नाही. गुंडाळलेले काहीतरी गाडीतून उतरले, चार अनोळखी माणसांनी ते उचलले, आणि मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. ती आईच होती हे देखील मी कागदावरच्या नावावरून मानले.

पहिल्या दिवशी मी खोटे बोललो ते त्याची दया येऊन. हे मी कोणापुढेही शपथेवर सांगेन. पण पुढे खरे सांगण्याचे शंभर प्रसंग आले आणि मी गप्प राहिलो, त्याला दया म्हणता येणार नाही. तो नव्हता, मी होतो. मी शिकलो नाही, तो शिकला. तो गेला, मी राहिलो. आणि अखेरी आईचे सारे मी केले. फोनवर त्याचा आवाज खाली येई, तो पैसे पाठवताना संकोचे, ‘तू होतास म्हणून’ असे म्हणे, आणि ते मला आवडे. त्या खोट्याचे इतकी वर्षे मी व्याज खाल्ले.

अंगावर काही नसले म्हणजे माणसाला खोटे बोलणे जड जाते की काय, कोण जाणे. मी म्हणालो,

‘घातली नाही रे. त्यांनी दिलीच नाही. मीही नाही पाहिलं तिला.’

तो काही बोलला नाही. दगड तडतडत होते. उक्कींना मराठीचे एक अक्षर येत नाही. त्यांनी आम्हां दोघांकडे एकदा पाहिले, डावला उचलला आणि दगडांवर पाणी ओतले, मग आणखी एकदा. वाफ इतकी दाटली की खिडकीतले ऊनही दिसेना. ते हळूच खालच्या बाकावर उतरले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. सकाळी मी पडल्यावर जसे उभे राहात, तसेच.

मी रडलो असेन. घामात कळत नाही.

बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाला, ‘वळ.’

मी वळलो. त्याने साबण घेतला आणि माझी पाठ घासू लागला. फार जोरात. मी ‘हळू’ म्हटले नाही.

नंतर आम्ही तिघे दार ढकलून बाहेर आलो. अंगातून धुरासारखी वाफ निघत होती. उक्कींनी विचारपूर्वक, खुर्चीवर बसावे तसे, बर्फात बसकण मारली आणि लोळून उठले. मला तेवढे धैर्य झाले नाही. मी दोन मुठी बर्फ छातीला लावला आणि ओरडलो. घरातून पुतणीचे हसणे ऐकू आले. हवेत जेमतेम दोन अंश असतील, पण अंगात अशी ऊब मुरली होती की फडकी गुंडाळून, अनवाणी, आम्ही ओसरीच्या बाकावर निवांत बसलो. पाय समोर पसरलेले. ते माझेच आहेत, ह्याची दर थोड्या वेळाने खात्री करून घ्यावीशी वाटे, इतके हलके.

‘सांगायचं होतंस,’ भाऊ म्हणाला.

‘हो.’

‘मला वाटायचं, निदान तू तरी होतास.’

ह्यावर मी काय बोलणार? त्याला राग आला होता, आणि तो यावा असाच होता. ‘हिरवी साडी?’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘कपाटात आहे.’ मग पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. तेथे न बोलणे म्हणजे रुसणे नव्हे, एवढे मला दहा दिवसांत कळले होते. तरी त्या संध्याकाळचे न बोलणे कोणत्या जातीचे होते ते मला नक्की सांगता यायचे नाही.

भावजयीने कॉफी आणून ठेवली, आणि एका ताटलीत भाजल्याचे तपकिरी डाग पडलेले, पांढरे, चपटे चीज. वर सोनेरी रानफळांचा मुरांबा. दाताखाली ते करकर वाजे. ‘हे पूर्वी कसलं करायचे माहीत आहे?’ भाऊ म्हणाला, ‘नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचं.’

‘म्हणजे खरवसच की!’

‘आई वेलदोडा जास्त घालायची.’

‘गूळही.’

‘नाही, गूळ बेताचाच. तूच वरून घ्यायचास.’

ह्या मुद्द्यावर आमचा थोडा वाद झाला. तो मराठीत, बऱ्यापैकी मोठ्याने झाला. पुतणी दारात येऊन आ वासून पाहू लागली. उक्की शांतपणे कॉफी पीत होते. नऊ वाजून गेले होते आणि समोरच्या डोंगराच्या पाठीवर अजून ऊन होते, पिवळे, मग गुलाबी. छपरावरून दिवसभर गळणारे पाणी थांबले. टोकाशी लोंबणारे थेंब तेथेच गोठू लागले. ओसरीपुढच्या बर्फातून बारीक, करकर असा आवाज येऊ लागला.

उक्की उठले, पायरी उतरून त्यांनी बर्फावर पाय ठेवला, हळूहळू त्यावर भार टाकला आणि उभे राहिले. मग एकच शब्द बोलले.

‘काय म्हणतात?’ मी विचारले.

‘पेलेल म्हणतात,’ भाऊ म्हणाला, ‘उद्या पहाटे निघायचं. आखीव वाट सोडून. येतोस?’

माझे बूट ओसरीवर नव्हते. पाहतो तो त्याने ते कधीच आत नेऊन शेगडीपाशी वाळत ठेवले होते, नाड्या पूर्ण सैल करून.